कडुबाकाकांचं गुरुवारचं टेस्टिंग

आमच्या गल्लीत दर गुरुवारी दिवेलागणीला एक गृहस्थ स्वतःच्या घरातली चांगली चालू असलेली लाईट मेन स्विच पाडून घालवतात आणि मग लाईट गेल्यासारखा चेहरा करून अंगणात जनरेटर सुरू करायला येतात. सगळ्या गल्लीत उजेड आणि अंधार तेवढा यांच्या घरात. नवीन भाडेकरू आला की पहिल्या गुरुवारी तो हमखास धावत येतो. "काका, फ्यूज गेला का? वायरमनला बोलवू?" काका त्याच्याकडे न बघता म्हणतात, "काय झालं नाय. टेस्टिंग हाय."

हे आमचे कडुबाकाका. मूळचे पिशोरचे. घरची शेती भावांकडे सोपवून त्यांनी एका कारखान्यात स्टोअरकीपरची नोकरी धरली आणि निवृत्त झाल्यावर सिडकोत माझ्या शेजारी लहानसं घर बांधलं. बारीक अंगकाठी, पांढरा शर्ट, पायजमा आणि कानावर अडकवलेली पेन्सिल. त्या पेन्सिलीनं त्यांना काही लिहिताना मी कधी पाहिलेलं नाही. नोकरीची सवय म्हणून ती तिथं राहिली असावी. मी शाळामास्तर, त्यामुळं मला ते 'सर' म्हणतात.

टेस्टिंग म्हणजे नुसती दोरी ओढणं नव्हे. पत्र्याच्या शेडखाली विटांवर बसवलेल्या त्या यंत्रावरची ताडपत्री आधी निघते. ती झटकून, घडी घालून ओट्यावर जाते. मग काका खाली वाकून यंत्राच्या चारी बाजूंनी बॅटरीचा उजेड मारतात. काय शोधतात, ते पुढं येईलच. मग ऑइलची पट्टी बाहेर काढायची, जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायची, परत आत घालायची, परत काढायची आणि डॉक्टर थर्मामीटर बघतात तशी उजेडाला धरायची. ऑइल काळं पडलेलं दिसलं तर 'च्यक्' असा आवाज होतो. मग प्लग काढून त्याला पॉलिश पेपर मारायचा. मग टाकीचं झाकण उघडून पेट्रोलचा वास घ्यायचा. "शिळं असलं की वासावर कळतं," म्हणतात. एवढं झाल्यावर कॉक उघडायचा, चोक ओढायचा, डावा पाय विटेला लावायचा आणि दोरी हातात घ्यायची. दोरी ओढण्याआधी ते क्षणभर डोळे मिटतात.

यंत्र सुरू झालं की दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. काका कान देऊन उभे राहतात. "खोकायलंय." जरा वेळानं, "आता दम धरला." मग घराची लाईट जनरेटरवर घेणारा चेंजओव्हरचा खटका टाकून आत जातात आणि दार लावून घेतात. बऱ्याच वेळानं बाहेर येऊन पेट्रोलचा कॉक बंद करतात आणि कार्बोरेटरमधलं उरलेलं पेट्रोल जळून यंत्र आपोआप थांबेपर्यंत जवळ उभे राहतात. ते एकदम बंद केलेलं त्यांना चालत नाही. "आत ऱ्हायलं की चिकट व्हतं. मग वक्ताला घात करतं."

आता आमच्याकडं लाईट फारशी जात नाही. गेलीच तर घरोघरी इन्व्हर्टर आहेत. काकांना इन्व्हर्टर मान्य नाही. "ती बॅटरी, सर. झोपलेल्या माणसासारखी. हाक मारल्यावर उठंल का नाय, कुणी सांगावं?" गल्लीनं मात्र या टेस्टिंगपायी बरंच सोसलं आहे. वाळत घातलेल्या कपड्यांना धुराचा वास लागतो. बोर्डाच्या परीक्षेच्या दिवसांत पोरं कानात कापूस घालून अभ्यास करतात. नळाचा दिवस आणि गुरुवार एकत्र आले की त्या आवाजात नळ आल्याचं कळत नाही, आणि आमच्या शहरात नळाचा दिवस चुकणं म्हणजे काय, ते आमचं आम्हालाच ठाऊक. सगळ्यांनी सांगून पाहिलं, काका, सकाळी घ्या, रविवारी घ्या. काका ऐकत नाहीत. गुरुवार म्हणजे दत्ताचा वार, तेव्हा काही नवस असेल, असं गल्लीनं आपसांत ठरवून टाकलं होतं.

काकांचं एक पालुपद आहे. "बगू. झालं तर म्हणायचं." काका ते कुठंही वापरतात. माझ्या मुलाचे दहावीचे पेपर चांगले गेले, हे मी पेढ्याआधीच उत्साहानं सांगितलं. काका म्हणाले, "बगू. पास झाला तर म्हणायचं." समोरच्या घरातल्या मुलीचं लग्न जमलं, साखरपुड्याची साखर वाटायला तिची आई आली, तिलाही तेच. त्या बाईंनी वर्षभर काकांच्या घराकडं तोंड केलं नाही.

पण हा माणूस आधी असा नव्हता. आधी यांचं पालुपद नेमकं उलटं होतं. "बिनघोर ऱ्हावा, इंतजाम हाय!" गल्लीत कुणाकडं कार्य निघालं की काका छातीवर हात ठेवून हे म्हणायचे आणि ऐकणाऱ्याला खरंच बिनघोर वाटायचं. स्टोअरकीपरच ते! घरात प्रत्येक वस्तू एक वापरातली आणि एक इंतजामाची. इंतजामाच्या बादल्यांवर दुकानाचं लेबल तसंच. इंतजामाच्या चादरी ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांत. सोफ्यावरचा प्लास्टिकचा कागद कधी निघाला नाही, त्यामुळं मे महिन्यात त्यांच्याकडं बसलेला पाहुणा उठताना टरटर आवाज करत उठायचा. वापरातली बादली गळायची, तिला डांबर लावायचं, पण लेबलवाली बाहेर काढायची नाही. "काढली की झिजली," हा त्यांचा सिद्धांत.

या इंतजामावर हसण्याचा हक्क फक्त गयाकाकूंना होता, म्हणजे त्यांच्या पत्नीला. काकू ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, बोलायला मोकळ्या. "ह्यांचं इंतजाम म्हणजे ट्रंकेतला शालू," त्या म्हणायच्या. "घडीवर फाटंल, पर अंगाला लागायचा नाय." त्यांना मूलबाळ नव्हतं. घरामागच्या बोळवजा जागेत काकूंनी न्हाणीच्या आणि भांड्यांच्या पाण्यावर भाजी फुलवली होती. वांगी, दोडके, मेथी, मिरच्या, आणि पत्र्यावर चढलेला दुधीचा वेल. ज्या शहरात प्यायच्या पाण्याची वाट बघावी लागते, तिथं ती बाई शेजाऱ्यांना दुधी वाटायची.

जनरेटर आला तो लोडशेडिंगच्या दिवसांत. रोज कित्येक तास लाईट नसायची. काकांनी पैठण गेटला जाऊन दुकानदाराकडून ते यंत्र तिथल्या तिथं चालू करून बघितलं, एका झटक्यात चालू झालं, आणि रिक्षात घालून घरी आणलं. लगेच खंडेनवमी आली. यंत्राला हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ, टाकीवर गूळखोबऱ्याचा नैवेद्य. आम्ही सगळे प्रसाद खाऊन आलो. मग काकांनी त्याला वरून प्लास्टिक गुंडाळलं, त्यावर काकूंनी शिवलेली मऊ गोधडी घातली, आणि यंत्र इंतजामात जमा झालं.

तो उन्हाळा मला अजून आठवतो. लाईट गेलेली, अंगाची लाही लाही होतेय, आणि काका गोधडी पांघरलेल्या जनरेटरला टेकून वर्तमानपत्रानं वारा घेतायत. "काका, लावा की आता!" "आत्ता? आन् वक्त आल्यावर काय करता?" दर अमावास्येला मात्र ते गोधडीचं टोक उचलून उदबत्ती ओवाळायचे आणि खोबऱ्याचा एक तुकडा आत ठेवायचे. दुसऱ्या दिवशी तुकडा तिथं नसायचा. "पोचला," काका समाधानानं सांगायचे.

आणि मग वक्त आला. टीव्हीवरच्या शेतीच्या कार्यक्रमाची माणसं कन्नड तालुक्यात कुठंशी आली होती. कुणीतरी त्यांना काकूंच्या सांडपाण्यावरच्या भाजीबद्दल सांगितलं, आणि एक दिवस गाडी, कॅमेरा, दांड्याला लावलेला माइक, सगळं आमच्या गल्लीत हजर झालं. काकूंनी मोरपंखी साडी नेसून, हातात वांगं धरून, "बायांनो, न्हाणीचं पाणी वाया घालू नका" असं न अडखळता सांगितलं. कार्यक्रम कोणत्या दिवशी दिसणार, तेही कळलं. फक्त त्या वेळेला आमच्या भागात लाईट नसायची.

काकूंनी सरळ उपाय काढला. "सिल्लोडला माझ्या बहिणीकडं जाऊ. तिकडं त्या टायमाला लाईट ऱ्हाती." काका दुखावले. "घरचा जनरेटर असताना दुसऱ्याच्या दारात बसून बघायचं? बिनघोर ऱ्हा, गया. इंतजाम हाय." नुसतं तिला सांगून थांबले नाहीत, सगळ्या गल्लीला आवतण दिलं.

त्या संध्याकाळी त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. सतरंजी अंथरलेली, बायका पुढं, आम्ही मागं. काकूंनी तीच मोरपंखी साडी नेसली होती, लोकांनी टीव्हीत आणि इथं जुळवून बघावं म्हणून. टीव्हीसमोर वेताची खुर्ची, तिच्यावर त्या बसलेल्या, हसू आवरत नव्हतं. लाईट ठरल्याप्रमाणं आधीच गेलेली. मी म्हटलं, "काका, एकदा चालू करून बघायचं का?" ते म्हणाले, "नवं यंत्र हाय सर. एका झटक्याचं काम." कार्यक्रमाची वेळ अगदी जवळ आल्यावरच ते उठले, गोधडी काढली, नमस्कार केला आणि दोरी ओढली.

यंत्र हूं की चूं करेना. परत ओढली. मग मी ओढली. समोरच्या घरातल्या दोघांनी ओढली. काका कुणाच्या हातात दोरी राहू देईनात, परत स्वतः ओढायचे. शर्ट अंगाला चिकटलेला, तोंडानं एकच, "आत्ता व्हतंय, आत्ता व्हतंय." आत मेणबत्ती लावली होती. तेवढ्यात फोन वाजला. पिशोरहून पुतण्या ओरडत होता, "काकू! तुम्ही दिसायल्या! लई भारी दिसायल्या!" पिशोरला त्या दिवशी नेमकी लाईट होती.

काकू रिसीव्हर कानाला लावून काळ्या टीव्हीकडं बघत उभ्या राहिल्या. "आता काय करायले मी?" त्यांनी विचारलं. तिकडून त्यानं सांगितलं, वांगं दाखवायल्या. "आन् आता?" आता वेलाकडं हात करायल्या. "पदर? पदर नीट हाय का रे?" तिकडचं काही आम्हाला ऐकू आलं नाही. काकूंनी रिसीव्हर खाली ठेवला. मग म्हणाल्या, "संपलं म्हणतोय. खताची जाहिरात लागली." आणि आत जाऊन त्यांनी सगळ्यांना चिवडा दिला. बाहेरून दोरी ओढल्याचा आवाज येतच होता. काकांना जाऊन सांगायचं कुणी, ते कुणाला कळेना. शेवटी काकूच बाहेर गेल्या आणि त्यांच्या हातातली दोरी काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी मोंढ्यातून सलीमभाई मिस्त्री आले. त्यांनी यंत्र उघडलं आणि कपाळाला हात लावला. "काका, मशीन तो एकदम नई है. चूहे ने वायर खाया. ये देखो, पूरा घर बनाया." गोधडीतल्या चिंध्या ओढून उंदरानं आत छान गादी केली होती. तिच्यावर खोबऱ्याचा चुरा पडलेला. "इसको खोपरा कौन खिलाता था?" सलीमभाईंनी साधेपणानं विचारलं. पुढं कित्येक दिवस गल्ली 'पोचला' म्हणून हसली. गोष्ट हसण्यासारखीच होती. मला मात्र आजही ती आठवली की आधी काळा टीव्ही दिसतो आणि हसू ओठांवरच राहतं.

काकूंनी नवऱ्याला एक शब्द लावला नाही. "ऱ्हाऊ द्या वो," म्हणाल्या. "मी मला रोज आरशात बघतेच की." पण पिशोरचं कुणी आलं की चहा ठेवता ठेवता त्या हळूच विचारायच्या, पदर नीट होता का? कुणी म्हणायचं साडी हिरवी दिसली, कुणी म्हणायचं निळी; एका आजोबांच्या घरी टीव्हीच काळापांढरा. एकानं तर सांगितलं, काकू, शेजारी भजन चालू होतं, काय बोलल्या ते ऐकूच आलं नाही. पदराचं कुणालाच नक्की सांगता येईना.

त्यानंतर काकांच्या तोंडून 'इंतजाम' हा शब्द मी ऐकला नाही. सोफ्याचं प्लास्टिक निघालं, लेबलवाल्या बादल्या न्हाणीत आल्या. मांजराचं नाव काढलं की हाड्हाड् करणाऱ्या या माणसानं एक मांजर पाळलं आणि त्याला दूध घालायला सुरुवात केली. खंडेनवमीला यंत्राला हळदकुंकू मिळतं, पण नैवेद्य नाही, काका हात जोडून बजावतात, "खायला मागू नका." आणि दर गुरुवारचं टेस्टिंग सुरू झालं. पुढं काही वर्षांनी काकू आजारी पडल्या आणि गेल्या. मागचा भाजीचा बोळ वाळून गेला. टेस्टिंग चालूच राहिलं.

अलीकडं आमच्या गल्लीत एक तरुण जोडपं राहायला आलं. त्यांचं तान्हं बाळ नेमकं दिवेलागणीला झोपतं आणि जनरेटरच्या आवाजानं दचकून रडतं. आईनं काकुळतीला येऊन सांगितलं, तेव्हा शेजारी म्हणून गल्लीनं मलाच पाठवलं. काका, वार बदला, एवढंच सांगायचं होतं. मी पोचलो तेव्हा यंत्र दम धरून चाललं होतं आणि काका आत गेले होते. मी दार ढकललं.

आत टीव्ही चालू होता. शेतीचा कार्यक्रम लागला होता. टीव्हीसमोर वेताची खुर्ची, रिकामी. काका तिच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसले होते, मांजर मांडीत. मला बघून ते जरा ओशाळले. "या सर. बसा. फक्त त्या खुर्चीवर नको."

मी खाली बसलो आणि आलो होतो ते काम सांगितलं. रविवारी घेता येईल का?

"रविवारी हे नसतं," त्यांनी टीव्हीकडं हनुवटी केली. "गुरुवारीच असतं. तवाबी गुरुवारच व्हता."

मग ते स्वतःच सांगू लागले. "त्या वक्ताला मी मुंबईला टीव्हीवाल्यांना फोन लावला व्हता. म्हणलं, परत एकदा दाखवा. तिथली बाई म्हणली, जुनं कधीमधी परत लावतो आमी, कधी ते नाय सांगता यायचं. मग मी गयाला म्हणलं, परत लागणार हाय. दर गुरुवारी बसायचो आमी दोघं. ती येणी घालून, पदर सारखा करून बसायची. तुमाला कुणाला सांगितलं नाय. एकदा बोलवून काय झालं ते बगितलंच तुमी. परत कोणत्या तोंडानं बोलवू?"

"पण काका, आता लाईट जात नाही. नुसता टीव्ही लावून बघा की. जनरेटर कशाला?"

वर्गातल्या ढ पोराकडं मी बघतो तसं काकांनी माझ्याकडं बघितलं. "आन् मधीच गेली तर? मग परत भाईर जाऊन दोरी वढत बसू का?" "सगळ्या पिशोरनं तिला बगितलं सर. मी तेवढं नाय. मी भाईर व्हतो."

टीव्हीवर कुणी एक बाई मिरचीच्या रोपांत उभी राहून बोलत होती. काका पुढं सरकून, डोळे बारीक करून बघत होते. "दवाखान्यात शेवटाला तिनं मलाच इचारलं, पदर नीट व्हता का वो? मी म्हणलं, एकदम नीट व्हता. न बगता सांगितलं. ते तेवढं खरं करून घ्यायचंय." मिरचीवाल्या बाई गेल्या. खताची जाहिरात लागली. "आज बी नव्हती," काका म्हणाले आणि गुडघ्यांवर हात टेकून उठले.

बाहेर जाऊन त्यांनी कॉक बंद केला. यंत्र उरलेल्या पेट्रोलवर जरा वेळ चाललं, मग धापा टाकत थांबलं. टीव्ही बंद पडला, घरात अंधार झाला. खिडकीतून गल्लीतले दिवे दिसत होते आणि कुठंतरी ते बाळ रडत होतं. काका दारातच उभे राहिले, मेन स्विचकडं गेले नाहीत.

"गुरुवारी मोकळे असाल तर येत जा, सर," ते म्हणाले. "मला आता लांबचं नीट दिसत नाय. तिचा लागला तर पदराचं तेवढं तुमी बगा."

"येईन," मी म्हणालो. आणि मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "पण लागेल का हो काका, इतक्या वर्षांनी?"

"बगू. लागलं तर म्हणायचं," काका म्हणाले. मग अंधारात चाचपडत त्यांनी वेताच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "इंतजाम तर हाय."